घोडे व तट्टू : आरोग्यरक्षण आणि नेहमीचे आजार

घोड्याला ओकारी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले अन्न उलट येऊ शकत नाही. शिवाय अंगाच्या मानाने जठर लहान, सुमारे ८ ते १५ लिटरचे. हा प्राणी दिवसभर थोडेथोडे चरणारा. परंतु माथेरान, महाबळेश्वर येथे पर्यटकांना वाहणाऱ्या किंवा वरातीत ताटकळणाऱ्या घोड्याला बरेचदा दोन वेळचा चंदीचा तोबरा आणि मध्ये उपवास घडतो. पोटशुळाचे एक मोठे कारण हेच आहे.

पोटशूळ झालेला घोडा चारा सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वारंवार कुशीकडे पाहतो, घाम येऊन लोळू लागतो. आतड्याला पीळ पडला असल्यास काही तासांत प्राण जाऊ शकतो. पशुवैद्य येईपर्यंत चंदी-चारा काढून घ्यावा व शक्य तर जनावराला सावकाश फिरवावे. घशात तेल वा काढा ओतण्याची जुनी रीत घातक आहे. तो फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

निरोगी प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. नाडी खालच्या जबड्याच्या कडेला बोटांनी लागते. मोतद्दाराला एवढे ठाऊक असले, तरी आजार लवकर ध्यानात येतो.

दररोज २५ ते ४० लिटर स्वच्छ पाणी लागते. उन्हाळ्यात याहून अधिक. खुराकातील बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. खूर रोज साफ करावेत आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावेत. दाढांच्या धारदार कडा वर्षातून एकदा कानशीने घासून घ्याव्यात. खिळ्याच्या लहानशा जखमेतूनही धनुर्वात होतो व घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. म्हणून लस चुकवू नये. रक्तपिपासू माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा या रोगात ताप येतो-जातो, पायांवर सूज चढते आणि जनावर झिजत जाते.

ग्लँडर्सची गोष्ट निराळी. नाकातून चिकट स्राव, कातडीखाली गाठी व व्रण ही त्याची लक्षणे. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेतू शकतो. भारतात २००६ मध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले, त्यात महाराष्ट्रही होता. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी होते. रोग निश्चित झाल्यास उपचार न करता जनावर नष्ट करावे लागते आणि मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. तरीही ज्याचे पोट एकाच घोड्यावर आहे, तो लक्षणे लपवितो. सारंगखेड्यासारख्या बाजारात ठिकठिकाणची जनावरे एकत्र येतात. तेथून घेतलेला घोडा तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत वेगळ्या तबेल्यात, वेगळ्या पाण्यावर ठेवावा.