आपली कहाणी आपणच सांगायची

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वतरांगेच्या कुशीत चेरोकी नावाचे लहानसे गाव आहे. तिथले संग्रहालय १९४८ मध्ये सुरू झाले. पंचाहत्तर वर्षे त्याच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द होता. कोलंबसाच्या गैरसमजातून चिकटलेला हा शब्द २०२३ मध्ये गेला आणि ‘चेरोकी लोकांचे संग्रहालय’ असे नाव आले. पूर्वजांच्या थडग्यांतून काढलेल्या वस्तूही प्रदर्शनातून हलवण्यात आल्या. त्यांच्या जागी आजच्या चेरोकी कलावंतांच्या कलाकृती मांडल्या गेल्या. कोणाला काय दाखवायचे, हे आता ज्यांची कहाणी आहे तेच ठरवतात.

काय आहे ही कहाणी? सिक्वोया नावाच्या चेरोकी कारागिराला इंग्रजी वाचता येत नव्हते. तरी त्याने १८२१ पर्यंत आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली. आपण ‘क’ला काना, वेलांटी जोडतो. सिक्वोयाने मात्र का, के, को अशा प्रत्येक उच्चाराला वेगळे चिन्ह दिले. आज ही चिन्हे ८५ आहेत. १८२७ मध्ये चेरोकींनी लेखी राज्यघटना केली. १८२८ मध्ये ‘चेरोकी फीनिक्स’ हे द्वैभाषिक वृत्तपत्र निघाले.

या लोकांना रानटी म्हणणे अवघड होते. पण जॉर्जिया राज्याला त्यांची जमीन हवी होती, आणि तिथे सोनेही सापडले होते. जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीत लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये दिला. तो कागदावरच राहिला. १८३५ मध्ये एका लहान गटाने जमीन सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. निवडून आलेल्या चेरोकी सरकारने त्यांना तसा अधिकार दिलेला नव्हता. विरोधाच्या अर्जावर पंधरा हजारांहून अधिक नावे होती. तरीही सेनेटने जेमतेम एका मताने करार मंजूर केला.

१८३८ मध्ये सैन्याने घरे रिकामी केली. सुमारे सोळा हजार लोकांना शेकडो मैल पश्चिमेला नेण्यात आले. त्यांतले सुमारे चार हजार दगावले. ही ‘अश्रूंची वाट’. याच वाटेवर श्रीमंत चेरोकी मालकांचे कृष्णवर्णीय गुलामही चालत होते. अन्याय सोसणाऱ्या समाजातही अन्याय असू शकतो, हे इतिहास सांगताना गाळता येत नाही.

काही जण डोंगरांत लपून राहिले, काहींनी इथेच टिकून राहण्याची वाट काढली. त्यांचे वंशज आज या गावात राहतात. त्यांची बरीचशी जमीन सरकारी मेहेरबानीची नाही. ती पुढे विकत घेतलेली आहे.

जमीन राखली, पण भाषा? २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी शासनांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली, कारण अस्खलित बोलणारे बहुतेक वृद्ध आहेत. गावात चेरोकी माध्यमाची शाळा आहे. रस्त्यांच्या पाट्यांवर सिक्वोयाची अक्षरे आहेत. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर त्या पाट्याही जरूर पाहाव्यात. त्या वाचणारी मुले घडवणे, हे आता या समाजापुढचे सर्वांत मोठे काम आहे.