दुष्काळी कामाची मजुरी

महाराष्ट्रात दुष्काळाची मोजदाद पूर्वापार पावसाच्या इंचांत आणि पिकाच्या आणेवारीत होत असे. पण दुष्काळात कोण तगतो आणि कोण मरतो, हे ठरवणारा आकडा निराळाच असतो. तो म्हणजे दुष्काळी कामावर सरकारने बांधून दिलेला मजुरीचा दर. 1876-78 चा दख्खनचा दुष्काळ आणि 1972-73 चा महाराष्ट्रातला दुष्काळ एकापुढे एक ठेवून पाहिले की हे उघड दिसते. दोन्ही वेळा पाऊस दगा देऊन गेला, शेतमजुराचे काम बुडाले आणि लोक खडी फोडायला, माती वाहायला गेले. पहिल्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात अंदाजे पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्यात हाल झाले, पण तसा संहार झाला नाही.

पहिल्या दुष्काळातला दर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. 1873-74 साली बिहारमध्ये अवर्षण पडले तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले होते. पण त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका त्याच्यावर आला. जानेवारी 1877 मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्याला दुष्काळी मुलखात पाठवले, तेव्हा तो काटकसरीचा कैवारी होऊनच आला. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा, बाईला आणि मुलाला त्याहून कमी, असा दर त्याने ठरवला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यावर कडाडून हरकत घेतली. कष्टाचे काम करणाऱ्या शरीराला दीड पौंड धान्य आणि जोडीला डाळ-भाजी लागतेच, असा त्यांचा हिशेब होता. तुरुंगातल्या कैद्याचा शिधाही टेंपलच्या मजुरीहून भारी होता. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दरावर कामे सोडली आणि सार्वजनिक काकांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. तिजोरीचा, आरोग्याचा आणि विषमतेचा असा तिहेरी वाद एका पौंडाभोवती पेटला होता.

सरकारकडे पैसाच नव्हता, मग त्याने करायचे काय, असा एक आक्षेप येतो. त्याला टेंपलच्याच बिहारमधल्या कामगिरीने उत्तर मिळते. तीनच वर्षांपूर्वी त्याच राजवटीने पैसा काढला होता आणि माणसे वाचवली होती. बदलला होता तो अग्रक्रम. धान्यच नव्हते, ही सबबही पुरती टिकत नाही. आगगाडी होती, व्यापारी होते, पण आगगाडी धान्य नेते ती भाव असेल तिकडे. ज्याच्या हाती दाम नाही त्याच्या गावावरून पोत्यांनी भरलेली वाघीण पुढे निघून जाते. दाम देण्याचे एकमेव साधन दुष्काळी काम होते आणि तेच कापले गेले. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने मदतीचे नियम बांधून दिले खरे, पण नियम पाळण्याची सक्ती सरकारवर कोणी करायची, हा प्रश्न तसाच राहिला.

1972 मध्ये चित्र पालटले. मे 1973 च्या सुमारास महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास लोक दुष्काळी कामांवर होते. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, हजेरीला मस्टर, रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, हे त्या पिढीचे रोजचे जगणे होते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाच्या आकडेवारीचा बारकाईने अभ्यास केला. धान्याची तूट मोठी होती, पण खाण्यातली कपात एकट्या भूमिहीनावर पडली नाही. ती मोठ्या शेतकऱ्यापासून मजुरापर्यंत बरीचशी वाटली गेली, असे त्यांना आढळले. मजुरीचे पैसे हाती असल्यामुळे मजूर बाजारात उभा राहू शकला आणि टंचाईचा वाटा इतरांनाही उचलावा लागला.

यावर कोणी म्हणेल, हे श्रेय मजुरीचे नव्हे, रेशन दुकानाचे आणि मतपेटीचे. रेशन नसते तर मजुरी महागाईने गिळली असती, हे मान्यच केले पाहिजे. मतपेटीचा धाक आणि मोर्चांचा रेटा नसता तर कामे इतक्या झपाट्याने निघाली नसती, हेही खरे. पण रेशनवरचे धान्यसुद्धा विकतच घ्यावे लागते आणि मोर्चांची पहिली मागणी काम द्या, मजुरी द्या, हीच होती. ही तिन्ही साधने एकमेकांच्या आधाराने चालली. त्यातून मजुरी काढली तर उरलेली दोन भूमिहीनाच्या चुलीपर्यंत पोचत नाहीत.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. दुष्काळाने तिला बळ दिले आणि 1977 च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराची हमी भरली जाऊ लागली. योजनेत घोटाळे झाले, मजुरी थकली, कामे अर्धवट राहिली. तरीही मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक आहे, हे तत्त्व 2005 मध्ये देशाच्या कायद्यात गेले. 2020 च्या टाळेबंदीत शहरांतून गावी परतलेल्या मजुरांमुळे कामाची मागणी वाढली, तेव्हा केंद्राला या कायद्याखालच्या कामांसाठी 40,000 कोटी रुपये वाढवून द्यावे लागले.

संकट सर्वांवर सारखे येते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मजुरीचा इतिहास ते खोटे ठरवतो. संकटाचा भार कोणी किती उचलायचा, हे सरकार ठरवते आणि ते मजुरीच्या दरात लिहून ठेवते. म्हणून यापुढे कुठलीही मदत जाहीर झाली की एकूण कोटींचा आकडा ऐकून समाधान मानू नये. एका माणसाला एका दिवसाला किती, ते कोणत्या हिशेबाने आणि किती दिवसांत हाती पडणार, एवढे तीन प्रश्न विचारावेत.