सव्वीस पिनांची गोष्ट

नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तुम्ही विदर्भातल्या एखाद्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला असाल, तर ८०एच हा आकडा तुम्हाला अजून आठवत असेल. ८२५५ या चिपला सांगायचं, तुझे तिन्ही पोर्ट आउटपुट कर. ८०च का, हे व्हायव्हात विचारलं की निम्मी बॅच गप्प. बोटं मात्र न विचारता टाइप करायची.

माझं संशोधन या ८०एचच्या पलीकडे काय होतं, त्यावर आहे. म्हणजे छोट्या, एकाच बोर्डवरच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची कार्डं. रास्पबेरी पाय आणि त्यावर बसणारे 'हॅट' माहीत असलेल्या मुलांना वाटतं, की हा प्रकार २०१२ नंतर आपल्याकडे आला. मला तसं वाटत नाही. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तो एक पिढी आधीच येऊन बसला होता, 'इंटरफेसिंग कार्ड' या नावाने. आणि त्याचे पुरावे आत्ता किलोवर विकले जातायत.

थोडं मागे जाऊ. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने किम-१ हा बोर्ड काढला. छोटा कीपॅड, सहा आकडी डिस्प्ले, आणि कडेला ४४-४४ संपर्कांचे दोन कनेक्टर. एक बाहेरच्या उपकरणांसाठी, दुसरा बोर्ड वाढवण्यासाठी. त्याच वर्षी इंटेलची ८०८५ चिप आली आणि पुढच्या वर्षी तिच्यावरचा एसडीके-८५ हा शिकाऊ किट. या किटला ३८ इनपुट-आउटपुट लाइनी होत्या आणि वर स्वतःचं सर्किट जोडायला थोडी रिकामी जागा. ती रिकामी जागा मला फार बोलकी वाटते. बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं, की घेणारा यात काहीतरी घालणार.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सेवाग्रामचं बापूराव देशमुख कॉलेज त्याच काळातलं. गावोगावी कॉलेजं उघडली म्हणजे लॅब आल्या आणि लॅब म्हणजे अभ्यासक्रमातल्या यादीप्रमाणे खरेदी. मुंबईची डायनालॉग, चेन्नईची व्हीआय मायक्रोसिस्टिम्स, बंगळूरची ईएसए अशा कंपन्या ८०८५ चे किट बनवत होत्या. सोबत हवी ती कार्डं घ्यायची: ट्रॅफिक लाइट, स्टेपर मोटर, एडीसी, डीएसी, लिफ्ट. टेबलावर पाठ म्हणून रमेश गावकर यांचं १९८४ साली निघालेलं जाड पुस्तक.

किटमधून कार्डाकडे जायची ती करड्या रंगाची चपटी एफआरसी केबल. तिच्या टोकाला २६ पिना. हा आकडा कुठून आला, ते जरा मोजून बघा. ८२५५ ला तीन पोर्ट, प्रत्येकी आठ लाइनी, म्हणजे २४. वर एक पाच व्होल्ट आणि एक ग्राउंड. झाले २६. इतका सरळ हिशोब! पण पिनांचा क्रम आणि पोर्टचे पत्ते कंपनीगणिक बदलायचे, त्यामुळे एकाचं कार्ड दुसऱ्याच्या किटला लावताना मॅन्युअल उघडावंच लागायचं. ते हरवलं की कार्ड कपाटात गेलंच समजा.

आता त्या प्रॅक्टिकलविषयी. 'मॅन्युअलमधले हेक्स कोड बघून टाइप करायचे, ते कसलं इंजिनिअरिंग?' हा आक्षेप तुम्हीही ऐकला असेल. त्यात तथ्य आहे. कार्ड तयार मिळायचं, प्रोग्राम छापील असायचा, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत लाइट गेली की रॅममधला प्रोग्रामही जायचा. मग पुन्हा पहिल्या बाइटपासून. विद्यार्थ्याच्या वाट्याला आलं ते बरंचसं पाठांतर होतं, हे मला मान्य आहे.

पण हा निकाल कार्डाची पुढची बाजू बघून दिलेला आहे. मी कार्ड उलटं करून बघते. तिथे जळालेल्या ड्रायव्हर चिपच्या जागी नंतर बसवलेला सॉकेट दिसतो. तुटलेल्या ट्रॅकवरून ओढलेली तार दिसते. मूळ कनेक्टर सैल झाला म्हणून दुसरा डकवलेला असतो. हे काम कोणाचं? विद्यार्थ्यांचं क्वचित, प्राध्यापकांचं त्याहून क्वचित. बहुतेकदा ते लॅब असिस्टंटचं, ज्यांना सगळी बॅच नुसतं 'भाऊ' म्हणायची. किट बनवणारे दूर महानगरांत, दुरुस्ती खर्चाची, आणि सबमिशन तोंडावर. तेव्हा इंटरफेसिंग खरोखर शिकलं ते भाऊंनी. कुठल्याही जर्नलमध्ये त्यांचं नाव लागलेलं नाही.

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला तेव्हा त्यावरही २६ पिनाच होत्या. योगायोगच म्हणायचा. पण हिशोब वेगळा होता: सिग्नलच्या १७, बाकीच्या वीज आणि ग्राउंडच्या. जुन्या कार्डाची केबल त्यावर बसते, आणि धोका तिथेच आहे. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि जुनं एडीसी कार्ड पाच व्होल्ट परत पाठवणारं. मध्ये लेव्हल शिफ्टर न घालता जोडलं, तर पाय जळू शकतो. प्लगचा आकार जुळला म्हणजे भाषा जुळलीच असं नाही.

भाषा ठरवायचं काम आधी आर्डुइनोने आणि मग पायने केलं. आर्डुइनोवर ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतर चुकीचं पडलं होतं. पण तोवर त्या मापाची कार्डं बनली होती, म्हणून ती चूक तशीच ठेवली गेली. पायने २०१४ मध्ये ४० पिना केल्या आणि 'हॅट'चा नियम जाहीर केला: साधारण ६५ बाय ५६ मिलिमीटरचा बोर्ड, चार स्क्रूंची भोकं, आणि एक छोटी मेमरी चिप, जिच्यातून कार्ड स्वतःची ओळख देतं. आमच्या लॅबमधल्या कार्डांना ही सोय नव्हती. त्यांची ओळख भाऊंच्या डोक्यात असायची.

म्हणूनच ते निवृत्त झाले की कार्डं मुकी होतात. पुढचा क्रम ठरलेला: डेड स्टॉक रजिस्टरमध्ये लाल शाईची रेघ, राइट-ऑफ, भंगारवाला. त्या रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख, किंमत, पुरवठादार सगळं असतं. दुरुस्ती कोणी केली, एवढंच नसतं.

वर्ध्यात हे बघताना जास्तच खटकतं. याच गावात १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. हाताने चालणारी अवजारं जपून ठेवण्यासारखी असतात, हा विचार इथे तेव्हाच रुजला होता. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं, तेव्हा किंमत १५० रुपयांच्या आत हवी आणि तो वर्षानुवर्षं टिकायला हवा, अशा अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, तरी चरख्याच्या प्रत्येक सुधारणेवर आपल्याकडे लिहिलं गेलं. स्टेपर मोटरच्या कार्डावर ओळसुद्धा नाही. चरख्याच्या शेजारी ८०८५ चा किट ठेवा, असं म्हटलं की लोक हसतात. मी गंभीरपणे म्हणते.

तर तुमच्या कॉलेजात, किंवा घरच्या माळ्यावर, असं एखादं कार्ड असेल तर देऊन टाकण्याआधी दोन फोटो काढा. पुढचा काढालच. मागचा जरा उजेडात काढा, डाग दिलेल्या जागा नीट दिसतील असा. आणि तिथे काम करणारे भाऊ कोणत्या गावचे होते आणि आता कुठे भेटतील, तेही विचारून ठेवा.