डासांचे विषाणू कोरड्या दिवसांत राहतात कोठे?

पावसाळा सरला की डेंग्यूच्या बातम्या मागे पडतात. मात्र पुढच्या पावसाळ्यात तोच आजार पुन्हा डोके वर काढतो. मधल्या काळात विषाणू तग कसा धरतात, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विषाणूसाठी वेगळे आहे.

थंड प्रदेशांत हिवाळ्यात डास उडेनासे होतात. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली वेस्ट नाईल विषाणूची साथ आली. त्यानंतरच्या हिवाळ्यात तेथे जमिनीखालील जागांत सुप्तावस्थेत असलेल्या क्युलेक्स डासांमध्ये हा विषाणू आढळला. हा विषाणू मूळचा पक्ष्यांचा. अमेरिकेतील अलाबामा राज्यात घोड्यांना व माणसांना होणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचे अंश रानटी सापांच्या रक्तातही मिळाले आहेत. शीतनिद्रेतील साप हे विषाणूचे हिवाळी आश्रयस्थान असावे, असा तर्क त्यावरून मांडला गेला.

मुंबईकरांनाही हा विषय परका नाही. वेस्ट नाईल विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे भारतात प्रथम १९५२ साली मुंबईतील रहिवाशांच्या रक्तात आढळली होती. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान होय.

विदर्भात आढळणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळे, रातबगळे आणि डुकरे यांच्यात वाढतो. भातखाचरांत पैदास होणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका वाढत नाही की चावणाऱ्या डासाला त्याची लागण व्हावी. त्यामुळे रुग्णापासून साखळी पुढे सरकत नाही. प्राण्यांतील साखळी मात्र चालूच राहते.

डेंग्यूचे तसे नाही. आग्नेय आशियात व पश्चिम आफ्रिकेत त्याचे रानटी प्रकार माकडांत आढळतात. शहरात मात्र माणूस हाच त्याचा आश्रयदाता आहे. मुंबईत कडाक्याची थंडी नसल्याने थोडे रुग्ण वर्षभर आढळतात. शिवाय एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहू शकतात. बाधित मादीच्या काही अंड्यांतही विषाणू उतरतो.

चिकुनगुनियाने वेगळाच धडा दिला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ मध्ये साथ आल्यानंतर हा आजार देशातून जवळपास दिसेनासा झाला. २००५-०६ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर परतला, तेव्हा विषाणू जुना आशियाई नव्हे, तर आफ्रिकी वंशाचा निघाला. याच वंशाचा विषाणू पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांत मिळाला होता. म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधीच तो राज्यात पोहोचला होता.

वाकोल्यासारख्या दाट वस्तीत हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. मिठी नदीला मिळणाऱ्या वाकोला नाल्यासारख्या घाण पाण्यात क्युलेक्स वाढतो; त्यासाठी नालेसफाई हवी. एडिस मात्र घरातील पिंप, कुंडीखालची ताटली आणि छपरावरील टायर यांत वाढतो. पाणी नुसते ओतून दिल्याने कडेची अंडी जात नाहीत. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून पिंप आतून घासणे, हाच त्यावरचा उपाय आहे. तो पावसाची वाट न पाहता, उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवा.