पुतळी, गिनी आणि वऱ्हाडचे सोने

१/ पुतळ्यांची माळ हा अस्सल मराठी दागिना. मात्र त्यातील ‘पुतळी’चा उगम इटलीतील व्हेनिस नगरात आहे. कापसाच्या यवतमाळपर्यंत येणारी ही कथा सोन्यावरील विश्वासाची आहे. 🧵

२/ व्हेनिसने १२८४ मध्ये ‘डुकाट’ हे सुवर्णनाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, शुद्धता ९९ टक्क्यांहून अधिक. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत हे प्रमाण जवळजवळ अबाधित राहिले.

३/ मसाल्यांच्या मोबदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रामार्गे भारतात येत. त्यांवर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक कोरलेला असे. मराठी माणसाने या मानवाकृती पाहिल्या आणि नाण्याला ‘पुतळी’ म्हटले.

४/ आकर्षणाचे कारण काय? सोन्यातील हीण डोळ्यांना दिसत नाही. कसोटीचा दगड सोनाराकडे, आणि मोड विकत घेणाराही बहुधा तोच. ओळखीचा छाप असलेले नाणे या परावलंबनातून सोडवत असे. पुढे सोनारच तशा पुतळ्या घडवू लागले. चित्र टिकले, पण हमी पुन्हा सोनाराच्या शब्दावर आली.

५/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवीमुळे इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना आणि येथील कापसाचे भाव कडाडले. १९०५ पर्यंत ‘वणी’ नावाने ओळखला जाणारा यवतमाळ जिल्हा याच कापूसपट्ट्यातला. हाती आलेला पैसा साठवण्याचे ग्रामीण घरांचे जुने साधन म्हणजे सोने-चांदी.

६/ १८९९ मध्ये ब्रिटिश सॉव्हरिन भारतात १५ रुपये दराने कायदेशीर चलन ठरले. लोकांनी त्याला ‘गिनी’ म्हटले. १९१८ मध्ये मुंबईतही सुमारे १३ लक्ष सॉव्हरिन पाडली गेली. गिनी पुतळीइतकी बावनकशी नव्हती, २२ कॅरेटचीच होती. तरीही ती हवीशी वाटे, कारण तिच्यात सोने किती हे सर्वांना ठाऊक होते.

७/ मग १९२९ ची जागतिक मंदी आली. कापसाचे भाव कोसळले. सारा आणि कर्ज मात्र रोखीनेच फेडायचे होते. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडले आणि सोन्याचा रुपयांतील भाव चढला. देशभरातील शेतकरी कुटुंबांनी सोने मोडले. मुंबई बंदरातून ते मोठ्या प्रमाणात परदेशी गेले. निर्यातबंदीची मागणी झाली, पण सरकारने ती मानली नाही.

८/ ५ नोव्हेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने अशोकचक्रांकित सुवर्णनाणे आणले: २४ कॅरेट, ९९९ शुद्धता, हॉलमार्कसह. डुकाटने सात शतकांपूर्वी दिलेली हमी आता यंत्राने तपासून मिळते. कापूस विकून एखादे नाणे घेणाऱ्या घराला ते पुढे कोणत्या वर्षी मोडावे लागेल, याची हमी मात्र कोणत्याही छापावर नसते.