निशाणी नांगर

साल १८६४. मोरगावच्या देवळाच्या चार मिनारांना पाठ देऊन तुम्ही सुप्याच्या वाटेला लागता. वाटेवर बैलगाड्यांची रीघ. गेल्याच वर्षी आगगाडीनं बोरघाट पार केला आणि मुंबईचं बंदर देशावर येऊन टेकलं. तिकडे अमेरिकेत यादवी पेटलीय, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झालाय. म्हणून इकडच्या कुणब्याला एकाएकी पत आलीय. बाजारात पैसा खेळतोय.

सुप्यात सावकाराच्या ओटीवर तुम्ही टेकता.

"लागतील तेवढे घ्या, पाटील. भाव काय उतरतोय आता?"

"बैलजोडीपुरते द्या, शेठ."

कारकून खत लिहितो. समोरच्या पाटलाला अक्षर येत नाही. तो बोरू धरून दोन-तीन रेघांत नांगर काढतो. शेजारी कारकून लिहितो : निशाणी नांगर. पुढच्या एप्रिलात तिकडची लढाई संपणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगून बघा! मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या कापसाच्या बड्या व्यापाऱ्यांनाही ते उमगलेलं नाही.

१८६७. कापूस कोसळलाय, मुंबईच्या पेढ्या बुडाल्यात. शेजारच्या इंदापूर तालुक्यात मात्र १८३६ च्या जमाबंदीची तीस वर्षं भरलीत आणि चढ्या भावांच्या हिशेबानं सारा वाढवून बसवलाय. तो रोख भरायचा. सावकार हात आखडतो, पण जुनं खत सोडत नाही. १८५९ च्या कायद्यानं खताची मुदत तीनच वर्षं. म्हणून मुदत भरत आली की थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत, खाली पुन्हा नांगर. कुळाच्या सोयीचा कायदा कुळाच्याच गळ्याला लागला.

मला विचाराल तर बाजार खुला झाला यात वावगं काही नव्हतं. भाव चढला तेव्हा कुणब्याच्या हाती उधारी आली, पडला तेव्हा रोकड गेली. गोची तिथं होती.

१२ मे १८७५. सुप्याच्या पेठेत आजूबाजूच्या गावांची माणसं लोटलीत. धान्याची दुकानं फुटतात, पण ओरडा एकच : वह्या काढा, खतं काढा! कागदांचा ढीग पेटतो. हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत जातं.

पुढं १८७९ चा कायदा आला. कर्जापायी तुरुंग बंद झाला, खतामागचा खरा हिशेब उकरायची मुभा न्यायाधीशाला मिळाली. दंग्यांच्या चौकशीला नेमलेल्या आयोगाच्या अहवालानं मुख्य दोष सावकाराच्या माथी मारला होता. सरकारी सारा बराचसा मोकळा सुटला.