जादा टाक्यांचे राजकारण : सौदी एफ-१५ आणि अमेरिकी काँग्रेस, १९७८ ते १९८६

मे १९७८मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष जॉन स्पार्कमन यांना एक पत्र पाठवले. सौदी अरेबियाला ६० एफ-१५ लढाऊ विमाने विकण्याचा कार्टर सरकारचा प्रस्ताव तेव्हा सिनेटपुढे होता आणि तो फेटाळला जाण्याची भीती होती. पत्राचा आशय असा, की विमाने देऊ, पण त्यांचा पल्ला वाढवणाऱ्या जादा इंधनटाक्या देणार नाही. एकाच वेळी अनेक बॉम्ब वाहून नेणारे रॅक देणार नाही. इस्रायलच्या सीमेजवळच्या तबूक तळावर सौदी ही विमाने ठेवणार नाहीत.

१५ मे रोजी सिनेटने विक्रीविरोधी ठराव ५४ विरुद्ध ४४ मतांनी फेटाळला आणि विक्री मंजूर झाली. ब्राउन यांच्या हमीने ज्यांचे मन वळले, असे सिनेटर त्या ५४ जणांत होते. पुढे तीनच वर्षांत या पत्राचे काय झाले, हे पाहिले की शस्त्रविक्रीवर संसदेची देखरेख कोठे चालते आणि कोठे निसटते, ते उलगडते.

आधी कायदा. (मराठी वाचकाला ‘काँग्रेस’ म्हटले की पक्ष आठवतो, येथे तो शब्द अमेरिकी संसदेसाठी आहे.) सत्तरच्या दशकाच्या आरंभी परदेशांना शस्त्रे विकणे हा जवळजवळ पूर्णपणे सरकारी खात्यांचा कारभार होता. व्हिएतनाम युद्धाने राष्ट्राध्यक्षांवरचा विश्वास डळमळीत केला होता, आणि तेलाच्या पैशावर इराणचा शाह घेत असलेली शस्त्रे पाहून संसद अस्वस्थ होती. १९७४मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या पुढाकाराने दुरुस्ती झाली : मोठी विक्री करण्यापूर्वी काँग्रेसला कळवणे बंधनकारक. १९७६च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याने ती व्यवस्था पक्की केली आणि काँग्रेसला विचारासाठी ३० दिवस दिले. या मुदतीत दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने विरोधी ठराव संमत केला, तर विक्री रद्द. त्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही लागत नसे, म्हणून त्यांना नकाराधिकारही वापरता येत नसे. खरी धार होती ती येथे.

तरीही या कायद्याखाली एकही विक्री प्रत्यक्ष ठरावाने रद्द झाली नाही. याचा अर्थ धार बोथट होती, असा मात्र नव्हे. ठराव संमत होईल या धास्तीने सरकार आधीच वाटाघाटीला बसे, आकडे कमी करी, अटी स्वीकारी. ब्राउन यांचे पत्र याच धास्तीचे अपत्य होते.

पण पत्र म्हणजे कायदा नव्हे.

१९७९मध्ये इराणचा शाह गेला. त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. सप्टेंबर १९८०मध्ये इराण-इराक युद्ध पेटले आणि अमेरिकेने आपली चार अवाक्स विमाने सौदी अरेबियात पाठवली. अवाक्स म्हणजे बोइंग ७०७च्या पाठीवर फिरती रडार-तबकडी बसवलेले टेहळणी विमान. शेकडो किलोमीटरवरची विमाने हेरून आपल्या लढाऊ विमानांना दिशा देणारे. सौदींची तेलकेंद्रे आखाताच्या किनाऱ्याला लागून आहेत आणि समोर इराण आहे. जमिनीवरच्या रडारला तिकडून येणारे विमान फार उशिरा दिसते. रियाधची काळजी खोटी नव्हती, हे मान्य करावे लागते.

सौदींनी जादा टाक्यांची आणि बॉम्ब-रॅकची मागणी १९८०मध्येच केली होती. सिनेटमधून तीव्र विरोध झाला आणि निवडणुकीच्या वर्षात कार्टर यांनी निर्णय टाळला. रेगन यांनी तो टाळला नाही. मार्च १९८१मध्ये त्यांच्या सरकारने एफ-१५ची ‘क्षमतावाढ’ जाहीर केली, एप्रिलमध्ये तिच्यात अवाक्सची भर घातली. १ ऑक्टोबर रोजी काँग्रेसकडे गेलेल्या औपचारिक सूचनेत ५ अवाक्स, एफ-१५साठी इंधनटाक्यांचे १०१ संच, १,१७७ साइडवाइंडर क्षेपणास्त्रे आणि हवेत इंधन भरणारी टँकर विमाने होती. एकूण किंमत सुमारे ८५० कोटी डॉलर. बॉम्ब-रॅक तेवढे बाजूला ठेवले होते.

वृत्तपत्रांनी याला ‘अवाक्सचा वाद’ म्हटले आणि इतिहासातही तेच नाव रुळले. ते थोडे दुर्दैवी आहे, कारण तबकडीच्या झगमगाटात टाक्या आणि क्षेपणास्त्रे झाकली गेली. मूळ सौद्यातले साइडवाइंडर प्रामुख्याने शत्रूविमानाच्या मागून डागावे लागे; नवे, ‘एल’ श्रेणीचे, समोरूनही डागता येई. टाक्या विमानाच्या अंगालाच चिकटून बसत आणि पल्ला कितीतरी वाढवीत. विमान तेच, वैमानिक तोच. पण १९७८मध्ये संसदेने ज्याला संमती दिली होती, ते यंत्र आता तसे राहणार नव्हते. नवे विमान विकायचे म्हटले, की सारे देश नकाशा पसरून बसतात. जुन्याच विमानाला ‘जोड’ द्यायची म्हटले, की तो देखभालीचा विषय वाटू लागतो. क्षमतावाढीचा हा गुण सरकारांना फार पूर्वीच उमगलेला आहे.

ब्राउन यांच्या पत्राचे काय, असा प्रश्न अर्थातच विचारला गेला. सरकारचे उत्तर असे, की परिस्थिती बदलली आहे आणि मागच्या सरकारने दिलेले आश्वासन त्या वेळच्या परिस्थितीपुरते होते. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चूक नव्हते. पण पत्रावर विसंबून मत दिलेल्या सिनेटरांना ते पटावे कसे?

१४ ऑक्टोबर रोजी प्रतिनिधिगृहाने विक्रीविरोधी ठराव ३०१ विरुद्ध १११ अशा प्रचंड बहुमताने संमत केला. दुसऱ्याच दिवशी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीने ९ विरुद्ध ८ मतांनी विरोध नोंदवला. सिनेटमध्ये विरोधाचे नेतृत्व रेगन यांच्याच पक्षाचे बॉब पॅकवुड करीत होते. मधल्या काळात, ६ ऑक्टोबरला, कैरोत अन्वर सादात यांची हत्या झाली होती. अरब मित्रांना या घडीला दूर लोटू नये, या युक्तिवादाला त्यामुळे बळ आले. माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि कार्टर दोघेही विक्रीच्या बाजूने उभे राहिले. एकेक सिनेटर व्हाइट हाउसमध्ये बोलावला जाऊ लागला. आयोवाचे रॉजर जेप्सन कडवे विरोधक होते. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी बाजू बदलली.

२८ ऑक्टोबरला मतदान झाले. त्याच दिवशी रेगन यांनी सिनेटमधील बहुमताचे नेते हॉवर्ड बेकर यांना पत्र दिले. म्हणजे पुन्हा पत्रच! अवाक्स सौदी हद्दीबाहेर उडणार नाहीत, त्यांनी गोळा केलेली माहिती अमेरिकेच्या संमतीविना तिसऱ्या देशाला मिळणार नाही, सुरक्षेची व्यवस्था चोख असेल, आणि विमाने सुपूर्द करण्यापूर्वी या प्रदेशातील शांततेच्या दिशेने सौदी साहाय्याने लक्षणीय प्रगती झाल्याचे राष्ट्राध्यक्ष प्रमाणित करतील, अशी ती हमी होती. ठराव ४८ विरुद्ध ५२ मतांनी पडला. रेगन जिंकले.

या वेळी मात्र सिनेटर एक धडा शिकले होते. रेगन यांच्या पत्रातील अटी ऑगस्ट १९८५च्या परदेशी साहाय्य कायद्यात कलम म्हणून घातल्या गेल्या. परिणाम असा, की रेगन यांना १८ जून १९८६ रोजी काँग्रेसपुढे रीतसर प्रमाणपत्र ठेवावे लागले, आणि त्यानंतरच पहिले अवाक्स सौदींच्या हाती गेले. शांततेच्या दिशेने ‘लक्षणीय प्रगती’ झाली होती का, यावर तेव्हाही दुमत होते. टाक्या आणि क्षेपणास्त्रे मात्र अशा प्रमाणपत्रात अडकली नव्हती. कायद्याचे कलम अवाक्सपुरतेच होते.

मधल्या काळात या साऱ्या व्यवस्थेचा पायाच हलला होता, आणि तो हलवणारा खटला शस्त्रांचा नव्हताच. जगदीश राय चड्ढा हे केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, ब्रिटिश पारपत्र असलेले विद्यार्थी. ओहायोत शिकायला आले, व्हिसाची मुदत संपली, परतीला जागा उरली नाही. स्थलांतर खात्याने त्यांची हकालपट्टी स्थगित केली. १९७५मध्ये प्रतिनिधिगृहाने एकट्याने ठराव करून ती स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जून १९८३ रोजी न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला : राष्ट्राध्यक्षांपुढे न ठेवता केलेल्या अशा ठरावांनी सरकारी निर्णय रद्द करणे घटनाबाह्य आहे. असहमत न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी या निकालाने बाधित होणाऱ्या कायद्यांची यादीच परिशिष्टात जोडली. तिच्यात शस्त्रनिर्यातीचा कायदा होता.

निर्वासनाच्या भीतीखाली जगणाऱ्या एका विद्यार्थ्याला न्याय मिळाला, यात वावगे काहीच नाही. पण त्याच निकालाने काँग्रेसच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार गेले. १९८६च्या आरंभी कायदा बदलावा लागला : आता विरोधी ठराव विधेयकासारखा राष्ट्राध्यक्षांकडे सहीला जाणार. ते नकाराधिकार वापरणार हे उघड, म्हणजे विक्री रोखायला प्रत्यक्षात दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत हवे.

कसोटी लगेच आली, पुन्हा सौदी अरेबियाच्याच निमित्ताने. १९८६च्या वसंतात क्षेपणास्त्रविक्रीचा प्रस्ताव आला. प्रतिनिधिगृहाने तो ३५६ विरुद्ध ६२, सिनेटने ७३ विरुद्ध २२ मतांनी धुडकावला. जुन्या कायद्याखाली विषय तेथेच संपला असता. रेगन यांनी नकाराधिकार वापरला, खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रे वगळून प्रस्ताव छाटला, आणि ५ जून रोजी सिनेटमध्ये त्यांच्या विरोधात ६६ मते पडली. हवी होती ६७.

सौदींनी या साऱ्यातून आपला निष्कर्ष काढला होता. सप्टेंबर १९८५मध्येच त्यांनी ब्रिटनशी करार करून ७२ टॉर्नेडो विमाने ठरवली होती. लंडनमध्ये ३० दिवसांची मुदत नव्हती आणि तबूकबद्दल विचारणारी समितीही नव्हती. देखरेखीची किंमत असते, हे बोइंगसारख्या कंपन्यांचे जुने म्हणणे. त्यात तथ्य आहे, पण ब्रिटनच्या त्या व्यवहारावर लाचखोरीचे जे आरोप पुढे दोन दशके गाजले, तेही त्याच हिशेबात धरले पाहिजेत.

ब्राउन यांच्या पत्राच्या निमित्ताने उघडी पडलेली फट बुजवण्याचा प्रयत्न काँग्रेसने नंतर केला. आज शस्त्रनिर्यात कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे : काँग्रेसला कळवलेल्या सामग्रीची क्षमता किंवा तंत्रज्ञान सुपूर्द करण्याआधी वाढवले गेले, तर किमान ४५ दिवस आधी तसा अहवाल द्यावा लागतो. सप्टेंबर २०२२मध्ये पाकिस्तानच्या एफ-१६ ताफ्यासाठी ४५ कोटी डॉलरच्या देखभालीची सूचना याच कायद्याखाली काँग्रेसकडे गेली. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अमेरिकेच्याच भूमीवर तिच्यावर जाहीर टीका केली. त्या सूचनेत मुद्दाम लिहिलेले होते, की या विक्रीत कोणतीही नवी क्षमता, नवे शस्त्र वा दारूगोळा समाविष्ट नाही.